भिंतीवरचे दोन पट्टे

पॅसेजच्या भिंतीवर, साधारण कमरेच्या उंचीवर, एक मळकट पट्टा होता. झोपायच्या खोलीच्या चौकटीपासून निघून तो कुठेही न तुटता पुढच्या दारापर्यंत गेला होता. कडा बऱ्यापैकी रेखीव, रंग भिंतीपेक्षा जरासा गडद, आणि तिरप्या उजेडात पाहिलं तर किंचित चकाकी. त्याच्या खाली आणखी एक पट्टा होता. तो मात्र रुंद आणि धूसर, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते नीट सांगता येऊ नये असा.

ती उकिडवी बसली. पर्समधून कागदी रुमाल काढून तिने वरच्या पट्ट्यावरून एकदा घासला, उजेडात धरला, मग नाकाशी नेला.

काजळी नव्हती. काजळी असती तर कागद काळा झाला असता आणि वासही लपला नसता. धुराचा वास भिंत सहजासहजी सोडत नाही. हा डाग तेलकट होता.

"मॅडम, रंग द्यायचाच आहे हो," एजंट मागून म्हणाला. "एक हात मारला की भिंत नवी कोरी."

"रंग दिला की काही कळणार नाही."

"तेच तर म्हणतोय!"

"मीही तेच म्हणतेय," ती म्हणाली आणि कागदी रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

ती एका प्रयोगशाळेत काम करायची. तिथे दिवसभर वस्तू जाळल्या जात. सोफ्याची कापडं, गाद्यांचे फोम, पडदे, गालिचे. कोणती वस्तू कशी पेटते, किती धूर करते हे बघायचं आणि ती घरात ठेवण्याजोगी आहे की नाही ते लिहून द्यायचं. सहकारी तिला काडेपेटी म्हणत. तिच्याबरोबर घर बघायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरने हे नाव पहिल्याच भेटीत ऐकलं आणि तेव्हापासून तो तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारेनासा झाला.

तो आत्ता दारात उभा होता आणि या घरातलं मांजर त्याच्या बुटांवर आडवं झालं होतं. कुठल्याही घरात गेला की तिथलं जनावर आधी त्याच्याकडे येई, माणसं नंतर.

"काय सापडलं, काडेपेटी?"

"माहीत नाही."

"अरे वा! हे नवीनच."

त्याने लग्नाचं विचारलं त्याला आता बराच काळ लोटला होता. 'आधी घर बघू या,' असं ती म्हणाली होती, आणि मग घरंच बघत राहिली होती. एका घराला मागचं दार नव्हतं. एकाचा जिना लाकडी, त्यातही चिंचोळा. एकाच्या पुढच्या दाराला आतूनही किल्ली लागायची. ते ऐकून ती उंबरठ्यावरूनच माघारी वळली होती. प्रत्येक वेळी दिलेलं कारण खरं असायचं, त्यामुळे तिच्याशी धड भांडताही यायचं नाही. 'हिने जन्माला येतानाही आधी बाहेरचा रस्ता नीट बघून घेतला असणार,' असं तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. डॉक्टर त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसे.

आज सकाळी मात्र गाडी चालवता चालवता तो म्हणाला होता, "हे शेवटचं. यानंतर मी घर बघायला येणार नाही."

"रागावलास?"

"छे! घर नको असेल तर नको म्हण. मी नको असेन तर तेही म्हण. पण दोन्ही उत्तरं एकाच पुडीत बांधून देऊ नकोस. मला मेलं कळतच नाही की नकार घराला आहे की मला."

तिने सीटबेल्टचा खटका एकदा चाचपून बघितला होता.

"मला वाट बघायची सवय आहे गं," तो पुढे म्हणाला होता. "माझ्या पेशंटांना कुठे बोलता येतं? पण ते निदान शेपूट तरी हलवतात."

मग उरलेला रस्ताभर तो बेसूर शीळ घालत राहिला होता आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली होती.

आता ती उठून उभी राहिली. घरमालकीण काकू पॅसेजच्या तोंडाशी येऊन तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या, जणू ती त्यांच्या भिंतीची चौकशी करायला आलेली पाहुणी होती. काकू ठेंगण्या होत्या आणि केस पांढरेशुभ्र होते. त्यांच्यामागे काका. उंच, जरा वाकलेले, हनुवटीवर जुन्या जखमेची खूण.

"मी डोळे मिटून एकदा चालून बघितलं तर चालेल?" तिने विचारलं. "झोपायच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत."

एजंटने कपाळाला हात लावला. "मॅडमची पद्धत आहे, काकू. आगीत धुरामुळे दिसत नाही ना, म्हणून. मनावर घेऊ नका."

आजवर हे ऐकून लोकांनी तिच्याकडे निरनिराळ्या नजरांनी बघितलं होतं. एका गृहस्थांनी तर डॉक्टरला बाजूला घेऊन, औषधोपचार चालू आहेत का, असं हळूच विचारलं होतं. ('चालू आहेत,' डॉक्टर म्हणाला होता, 'पण गुण येत नाही.') इथे मात्र काकूंनी काकांकडे बघितलं, काकांनी काकूंकडे, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकदमच हसू फुटलं.

"चाल की!" काकू म्हणाल्या. "अहो, ती खुर्ची काढा मधली."

"राहू द्या काका. आग लागल्यावर खुर्ची कोण उचलणार?"

"अगं, ती इथे नसतेच," काका खुर्ची ओढत म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून आणली. या वाटेवर आम्ही चपलासुद्धा ठेवत नाही."

ती आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेशी उभी राहिली. डोळे मिटले. हात लांबवून चौकट शोधली आणि तळवा भिंतीला लावून चालू लागली. भिंत खडबडीत होती, पण तळव्याखाली एक गुळगुळीत वाट होती. हात जरा खाली घसरला की बोटांना खरखर लागे आणि ती आपसूक वर येत. वळण आलं तेव्हा तळव्याला ते पायांच्या आधी कळलं. मग कडी. अंगठ्याखाली ती मुकाट फिरली. किल्ली नाही, खटका नाही. पापण्यांवर ऊन आलं.

तिने डोळे उघडले. ती पायरीवर एकटीच उभी होती. आतून डॉक्टरचं हसणं ऐकू येत होतं. तो मांजराला काहीतरी सांगत असावा.

"वरचा पट्टा हातांचा आहे," ती आत येत म्हणाली.

काकूंनी टाळी वाजवली. "अहो, ओळखलं हिने!"

"आणि खालचा?" काकांनी तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"तोही हातांचाच असणार. पण इतका रुंद कसा झाला ते कळत नाही."

"बैस. चहा घेता घेता सांगतो. आधी वाईट वाईट सांगून टाकतो, मग चांगलं."

घर विकणाऱ्याने घराच्या आगीसंबंधी जे जे माहीत असेल ते घेणाऱ्याला आधी समोर बसून सांगायचं, असा नियम होता. बहुतेक घरांत एजंट हा भाग चहात साखर विरघळायच्या आत उरकत असे. काकांनी मात्र खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि सावकाश सुरुवात केली. मागची टेकडी आधी. ऊन तापलं की तिथलं गवत वाळून कोळ होतं. ते कुंपणापासून लांबवर कापत राहावं लागतं, आणि हल्ली त्यांच्याच्याने ते होत नाही. छपराखालचं हवेचं भोक मोठं आहे. उडती ठिणगी आत जाऊ शकते, तिथे बारीक जाळी बसवायची राहिली आहे. मुलांच्या खोलीतल्या खिडकीचे गज आतून उघडतात, पण बिजागऱ्या गंजतात.

"मीच तेल घालते," काकू म्हणाल्या. "यांच्या लक्षात राहत नाही."

"लक्षात असतं. तू घालशील हेही लक्षात असतं."

एजंट खुर्चीत अवघडून बसला होता. "काका, अहो, सगळं एकाच दिवशी सांगायला हवं असं काही नाही..."

"आणि या घराला आग लागली होती," काकू म्हणाल्या. एखादी बाई मुलीच्या लग्नाची हकिगत सुरू करते तसा त्यांचा सूर होता.

एजंटचा कप बशीत आपटला. "काकू! ते किती जुनं! शिवाय छोटीशीच होती."

"छोटीशी कशी? अख्खं स्वयंपाकघर गेलं. सांगावं लागतं रे बाबा, नियम आहे ना? आणि नियम नसता तरी मी सांगितलंच असतं. आमच्याकडे सांगायला याहून चांगली गोष्टच नाही."

"शेगडीच्या वर पडदा हिने लावला होता," काका म्हणाले.

"पडदा मी लावला, पण खिडकी उघडी कुणी टाकली?"

"वाऱ्याने उघडली."

"वारा म्हणजे यांचा सख्खा भाऊ. कायम त्याला पाठीशी घालतात." काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ते जाऊ दे. भर दुपार होती. पडदा पेटलेला बघितला आणि मी मागच्या दाराने बाहेर पळाले. मुलं शाळेत. हे झोपले होते ते उठून पुढच्या दाराने बाहेर. दोघांना साधं खरचटलंसुद्धा नाही."

"नशीब," डॉक्टर म्हणाला.

"कसलं नशीब! पुढे ऐक. मी मागे उभी, हे पुढे उभे. मधे घर जळतंय. मी यांना हाका मारतेय, हे मला. आगीचा आवाज केवढा असतो ते या पोरीला विचार. ऐकू कुणाला येणार? मला वाटलं, हे आतच राहिले."

"मला वाटलं, ही आतच राहिली," काका म्हणाले.

तिने ओठांपर्यंत नेलेला कप तसाच खाली ठेवला. "परत आत गेलात?"

"मी मागून. हे पुढून."

मांजराने डॉक्टरच्या मांडीवरून टेबलाकडे बघितलं आणि विचार बदलला.

"या पॅसेजमध्येच धडकलो," काका म्हणाले. "धुरात. हिचं कपाळ आणि माझी हनुवटी." त्यांनी मान वर करून ती खूण दाखवली. "आगीने केसालाही धक्का लावला नाही. हे सगळं काम हिच्या कपाळाचं."

"बंबवाल्यांनी दोघांनाही काखोटीला मारून बाहेर आणलं," काकू हसू लागल्या, "आणि त्यांचा साहेब आमच्यावर असा काही भडकला! म्हणे, दोघंही बाहेर होता ना? सुखरूप होता ना? मग आत काय मरायला गेलात? यावर काय बोलणार सांग. बाहेर पडायचं कसं ते दोघांनाही ठाऊक होतं. बाहेर पडल्यावर भेटायचं कुठे, ते कधी ठरलंच नव्हतं."

ती काकूंकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिच्या टेबलावरून किती अहवाल गेले असतील. त्यांत हे वाक्य कुठेतरी छापलेलंही असणार. तिने ते वाचून पान उलटलं असणार.

"मग ठरवलं," काका म्हणाले. "फाटकाजवळ बागेचा नळ आहे. काहीही झालं तरी नळापाशी. आणि आठवड्यातून एकदा तालीम. दिवे बंद, डोळे बंद, हात भिंतीला. मुलं लहान होती, त्यांना तर खेळच सापडला. आज आग-आग खेळू या, म्हणून मागे लागायची."

तिने वळून पॅसेजकडे पाहिलं. दुपारचं ऊन आता भिंतीच्या खालच्या भागावर आलं होतं.

"मुलं वाढत गेली," ती सावकाश म्हणाली. "हात दर वर्षी थोडा वर. म्हणून रुंद."

काकांनी काकूंकडे पाहिलं. "पास."

"मुलं गेली आपापल्या घरी," काकू म्हणाल्या. "आता आम्ही दोघंच खेळतो. हे लबाडी करतात. डोळे किलकिले ठेवतात."

"गुडघा आपटतो गं, म्हणून."

"आता मुलीच्या शेजारी राहायला चाललोय. तिथे गेल्या गेल्या यांनी आधी काय बघितलं असेल? अंगणातला नळ!" काकूंनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि तिच्याकडे वळल्या. "तू ही एवढी घरं डोळे मिटून चाललीस. बाहेर आल्यावर कुठे थांबतेस?"

"बाहेर. पायरीवर."

"आणि हा?"

"मी?" डॉक्टर म्हणाला. "मी बहुतेक यांच्याशी गप्पा मारत असतो." त्याने एजंटकडे बोट दाखवलं. "यांच्या थोरलीच्या परीक्षेपर्यंत सगळं ठाऊक आहे मला."

सगळे हसले. तीही हसली, पण तिचा हात खिशातल्या कागदी रुमालाच्या घडीकडे गेला आणि तिथेच राहिला. सगळी घरं तिला खोलीन् खोली आठवत होती. दारं, कड्या, वळणं. पण ती डोळे मिटायची तेव्हा डॉक्टर घरात कुठे उभा असायचा, हे एकाही घराचं आठवेना.

"एक तालीम होऊन जाऊ दे!" काकूंनी पदर खोचला. "शेवटची. या घरातली."

"मी इथे बसतो," एजंट म्हणाला.

"आग काय एजंट म्हणून सोडणार आहे? ऊठ!"

पडदे ओढले गेले. तिला झोपायच्या खोलीत पाठवण्यात आलं, डॉक्टरला आणि एजंटला स्वयंपाकघरात. काका पुढच्या दाराशी पंच म्हणून उभे राहिले, कारण त्यांच्या डोळ्यांवर कुणाचाच भरवसा नव्हता. मग काकूंनी पातेल्यावर पळी बडवली, आणि त्या आवाजाने मांजर सगळ्यांच्या आधी खिडकीतून पसार झालं.

ती निघाली. चौकट, भिंत, गुळगुळीत वाट. स्वयंपाकघरात काहीतरी पडलं, एजंटचं "आई गं!" आणि डॉक्टरचं "या, या, इकडून" ऐकू आलं. वळण. कडी. ऊन.

पायरीवर तिने सवयीने डोळे उघडले. मग ती उतरून नळापाशी गेली.

तिथे कुणीच नव्हतं. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. तो पडला आणि दुसरा जमू लागला. घरातला आवाज थांबला होता. काही झालेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. आत एक पातेलं, एक पळी आणि सुखरूप माणसं आहेत, हेही ठाऊक होतं. तरी तिचं एक पाऊल घराकडे पडलं.

"आत यायचं नाही," दारातून काका म्हणाले. "अशा वेळी पाय तिकडेच ओढतात. पण ठरलंय ना? तिथेच थांबायचं."

ती थांबली. नळ हाताने घट्ट धरून थांबली. काकू हातात पळी घेऊन बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मग घराच्या कडेने तो आला. मागच्या दाराने निघून, कुंपणाला धरून, टेकडीच्या बाजूने वळसा घेऊन. डोळे अजून घट्ट मिटलेले. पँटला गुडघ्यापर्यंत वाळलेलं गवत चिकटलेलं, एका कोपराला ओरखडा. एका हाताने कुंपण चाचपत होता, आणि दुसऱ्या हातात, लहान मुलाचा धरावा तसा, एजंटचा हात होता.

"आला का नळ?" त्याने विचारलं.

"डोळे उघड," ती म्हणाली. "आला."

त्याने डोळे उघडले आणि तिला समोर बघून त्याचा चेहरा असा काही उजळला, की एजंटने आपला हात हळूच सोडवून घेतला.

"तू इथे!" तो म्हणाला.

"ठरलं होतं ना?"

तो वाकून नळाखाली कोपर धुऊ लागला. ती त्याच्या बाहीवरचं गवताचं एकेक कुसळ काढू लागली. एक कुसळ तिने उन्हात धरून पाहिलं. खरंच, कोळ झालेलं होतं.

"हे सगळं गवत आधी कापायला लागेल," ती म्हणाली. "छपराच्या भोकाला जाळी. खिडकीला तेल मी घालीन, तुझ्या लक्षात राहणार नाही."

एजंटने श्वास रोखून धरला. "म्हणजे मॅडम... घर..."

"घर घ्यायचं."

एजंट हातातला रुमाल विसरून शर्टाच्या बाहीलाच कपाळ पुसू लागला. काका पायऱ्या उतरत होते ते मधेच थांबले, आणि काकूंनी पळी तोंडावर धरून हसू दाबलं. डॉक्टरने मात्र मान वर केली नाही. तो कोपर धूतच राहिला, ओरखडा केव्हाच स्वच्छ झाला होता तरी.

"पट्टे राहू द्यायचे भिंतीवरचे," ती त्याला म्हणाली. "रंग द्यायचा नाही."

"बरं."

"आणि तुला दोन्ही उत्तरं एका पुडीत नको होती."

त्याने नळ बंद केला. थेंब जमायलाही वेळ लागावा इतका घट्ट.

"घराचं उत्तर झालं," ती म्हणाली. तिचा आवाज एरवी शेजारच्यालाही कान देऊन ऐकावा लागे. आता तो फाटकापलीकडे गेला. "हे वेगळं आहे. हे घर मिळालं नसतं, तरी आज हेच सांगितलं असतं. लग्न करू या."